उसाच्या एका टनात दिल्ली किती, मुंबई किती

नोव्हेंबर उजाडला की सांगली-साताऱ्यातल्या वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसायला लागतात. शेतातून निघालेला ऊस कारखान्याच्या काट्यावर पोचेपर्यंत किती सरकारांच्या हद्दीतून जातो, हे एकदा बारकाईनं बघण्यासारखं आहे. पाणंद ग्रामपंचायतीची. पुढचा डांबरी रस्ता जिल्हा परिषदेचा, त्यापुढचा सार्वजनिक बांधकाम खात्याचा आणि पेठ नाक्याला पुणे-बंगळूर महामार्ग लागला की तो केंद्राचा. ट्रॅक्टरची नोंदणी राज्याच्या आरटीओत, पण ती ज्या कायद्यानं होते तो १९८८ चा मोटार वाहन कायदा संसदेचा. काटा तपासतो तो राज्याच्या वैधमापन खात्याचा निरीक्षक, त्याच्या हातातला २००९ चा कायदा मात्र केंद्राचा. उसाचा भाव दिल्लीत ठरतो, गाळपाचा परवाना पुण्याच्या साखर आयुक्तालयातून निघतो, आणि पैसे थकले तर वसुली जिल्हाधिकाऱ्यांच्या गळ्यात येते.

हे सगळं माहीत असायला हवं, कारण आपल्याकडची बरीच आंदोलनं अशा कार्यालयासमोर होतात की जिथल्या साहेबाला मागणी मान्य करायचा अधिकारच नसतो. तो निवेदन घेतो, पोचपावती देतो आणि ‘वरिष्ठांकडे पाठवतो’ म्हणतो. वरिष्ठ म्हणजे कोण, मुंबई की दिल्ली, हे ना तो सांगतो, ना कुणी विचारतं. हंगाम तेवढ्यात संपून जातो.

अधिकारांची वाटणी संविधानाच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिथं तीन याद्या आहेत: संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. मूळ संविधानात त्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, रेल्वे, बँका दिल्लीकडे. पोलीस, शेती, पाणी, बाजार, सहकारी संस्था, पंचायती राज्याकडे. वीज, कामगार, शिक्षण, जंगल असे विषय दोघांत मिळून. शिक्षण आणि जंगल आधी राज्याचेच होते. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं पाच विषय राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकले, त्यांतले हे दोन. वजनमापंही त्याच वेळी गेली. तिन्ही याद्यांत नसलेला एखादा नवा विषय उगवला तर तो अनुच्छेद २४८ प्रमाणे संसदेचा.

समवर्ती सूची म्हणजे सामायिक विहीर आहे. पाळी दोघांची असते, पण मोटार ज्याची मोठी त्याच्या रानात पाणी जास्त जातं. अनुच्छेद २५४ तेच सांगतो: एकाच विषयावर केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांना छेद देत असेल तर केंद्राचा टिकतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तर त्या राज्यापुरता तो चालतो, पण नंतर संसदेनं नवा कायदा केला तर तोही बाजूला पडतो.

आता ऊस यांतल्या कुठल्या यादीत बसतो? शेती म्हणून पाहिलं तर राज्यसूचीत. उद्योगही तत्त्वतः राज्याचा, पण १९५१ च्या उद्योग कायद्यानं संसदेनं साखर उद्योग आपल्या नियंत्रणाखाली घेतला. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यानं तर अन्नपिकाच्या व्याख्येत उसाचं नाव घालून त्यालाही आत ओढला. याच कायद्याखाली १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश निघाला, आणि आज आपल्या भागातल्या ऊस उत्पादकाचं सगळं अर्थकारण त्याच्या खंड ३ वर उभं आहे.

एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर किमान भाव, त्या आदेशाखाली ठरते. कृषिमूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती मंजुरी देते. २०२५-२६ च्या हंगामाचा दर १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढे टक्के साखर निघाली तर, क्विंटलमागे ३५५ रुपये. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की ३ रुपये ४६ पैसे वाढतात आणि घसरला की तेवढेच कमी होतात. मात्र साडेनऊच्या खाली उतारा गेला तरी भाव ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली जात नाही.

आपल्याकडचा साडेअकराचा उतारा धरून हिशेब मांडू. पायापेक्षा सव्वा टक्का जास्त, म्हणजे साडेबारा टप्पे. साडेबारा गुणिले ३.४६ म्हणजे ४३ रुपये २५ पैसे. क्विंटलला ३९८ रुपये २५ पैसे, टनाला ३,९८२ रुपये ५० पैसे. हा भाव कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाचा असतो. आपल्याकडे तोडणी-वाहतूक कारखाना करतो, म्हणून तिचा खर्च यातून वजा होतो. तो टनाला ८५० रुपये धरला तर शेतकऱ्याच्या हातात ३,१३२ रुपये ५० पैसे यायला हवेत. ६० टन घातले असतील तर १,८७,९५० रुपये. कारखान्यानं जाहीर केलेला दर या आकड्याशी ताडून बघायला पाचवीचं गणित पुरतं. कारखान्याचा उतारा आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च हे दोन आकडे मात्र हातात हवेत, आणि वादाची जागा नेमकी तीच असते.

आदेशाचा खंड ३(३) सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला वार्षिक १५ टक्क्यांनी व्याज. वरच्या उदाहरणात ते दिवसाला सुमारे ७७ रुपये होतं, दोन महिन्यांचं सुमारे ४,६३४. मुद्दल जमा झाली की बहुतेक शेतकरी सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि व्याजाचं नाव काढत नाहीत. ते लेखी मागावं लागतं. काट्याची पावती, पैसे जमा झाल्याची तारीख आणि मधले दिवस मांडून अर्ज करायचा, तो प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे. सांगलीसाठी हे कार्यालय कोल्हापूरला आहे, साताऱ्यासाठी पुण्याला.

तिथून प्रकरण साखर आयुक्तांकडे जातं. सुनावणी होते, थकबाकी नक्की झाली की महसुली वसुलीचं प्रमाणपत्र निघतं. गावात त्याला सगळे आरआरसीच म्हणतात. मग जिल्हाधिकारी ती रक्कम शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसूल करतात: तहसीलदार जातो, साखरेचं गोदाम, मळी, मालमत्ता जप्त करतो. खरी अडचण इथं लागते. गोदामातली साखर बहुधा बँकेकडे तारण असते आणि तिच्यावर आधीच उचल घेतलेली असते. बँकिंग संघसूचीत, महसुली वसुली राज्याकडे, साखर महिन्याला किती विकायची हा कोटा पुन्हा केंद्राकडे. कागदावरचा जप्तीचा अधिकार प्रत्यक्षात बँकेच्या हक्कापाशी येऊन अडतो. म्हणून आरआरसी निघाली या बातमीवर फार विसंबू नये. आयुक्तालयाकडे जायचं तर थकबाकी लहान असताना, हंगाम चालू असताना, कारखान्याकडे रोख येत असताना जावं.

या बाबतीत राज्य आपल्या हद्दीबाहेर गेलं तेव्हा काय झालं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं शासन निर्णय काढला की एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला हरकत नाही. पुणे आणि नाशिक महसूल विभागात पहिला हप्ता दहा टक्के उताऱ्यावर, उरलेला हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उतारा कळल्यावर. सांगली-सातारा पुणे विभागातच येतात. आपल्याकडे उतारा दहाच्या बराच वर असतो, म्हणजे या निर्णयानं टनामागची मोठी रक्कम कित्येक महिने कारखान्याकडे राहिली असती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो शासन निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशानं १४ दिवस ठरवले असतील तर राज्य शासन निर्णयानं ते लांबवू शकत नाही, हा त्यातला गाभा. लक्षात घ्या, इथं शेतकऱ्याचं रक्षण दिल्लीच्या कायद्यानं केलं आणि हक्क आवळत होती ती मुंबई. राज्याचा अधिकार म्हणजे आपला अधिकार, असं सरसकट धरून चालत नाही.

उलट दिशेनंही दार उघडं आहे. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं उत्तर प्रदेशच्या प्रकरणात ठरवलं की केंद्राच्या किमान भावापेक्षा जास्त भाव राज्य ठरवू शकतं, कमी ठरवू शकत नाही. उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा अशी राज्यं आपला वेगळा भाव जाहीर करतात. महाराष्ट्र करत नाही. आपल्याकडे सहकारी कारखान्यांची परंपरा आहे, सभासदच मालक, नफा झाला तर जादा दर मिळेल, असा त्यामागचा विचार. तो विचार चुकीचा नाही. पण जिथं कारखाना खासगी आहे किंवा सभासदाला ताळेबंद बघायलाही मिळत नाही, तिथं त्याचा आधार उरत नाही. म्हणून जादा भावाची मागणी दिल्लीकडे करायची की मुंबईकडे, याचं उत्तर स्पष्ट आहे: एफआरपी वाढवणं दिल्लीचं काम, एफआरपीच्या वरचा भाव कायद्यानं बांधून देणं मुंबईच्या हातात.

कारखान्याचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. साखरेची किमान विक्री किंमत केंद्र ठरवतं. जून २०१८ मध्ये ती किलोला २९ रुपये होती, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाली आणि पुढं कित्येक वर्षं तिथंच राहिली. २०१८-१९ च्या हंगामात एफआरपी दहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये होती. ती चढत ३५५ वर आली. कच्च्या मालाचा भाव एक सरकार जवळजवळ दरवर्षी वाढवतं आणि तयार मालाची किमान किंमत तेच सरकार हलवत नाही, तर मधला भार कुठंतरी पडणारच. डिसेंबर २०२३ मध्ये गाळप ऐन भरात असताना केंद्रानं उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करायला बंदी घातली. आठवड्याभरात ती मर्यादेसह सैल झाली, पण त्यासाठीच उभारलेल्या आसवन्यांची कर्जं आणि त्यांचे हप्ते चालूच होते. अशा निर्णयाआधी ऊस पिकवणाऱ्या राज्यांशी बसून बोलायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. ही उणीव मला या सगळ्या रचनेतली फार मोठी वाटते.

मळीपासून निघणाऱ्या मद्यार्कावर मात्र राज्याचा हात अलीकडे बळकट झाला. पिण्याच्या दारूवरचा अधिकार राज्याचा हे आधीपासून ठरलेलं. औद्योगिक मद्यार्क कुणाचा, यावर १९९० च्या निकालानं कौल केंद्राकडे दिला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं तो फिरवला आणि औद्योगिक मद्यार्कही राज्यसूचीतल्या मादक द्रव्यांच्या नोंदीत धरला.

सहकाराचंही असंच. सहकारी संस्था राज्याचा विषय, १९६० चा महाराष्ट्राचा कायदा त्यासाठीच आहे. अनेक राज्यांत पसरलेल्या संस्था तेवढ्या केंद्राकडे. २०११ च्या ९७व्या घटनादुरुस्तीनं संचालक किती, मुदत किती, हे संविधानातच लिहून टाकलं. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यातल्या संस्थांपुरती ती दुरुस्ती रद्द केली, कारण राज्यसूचीतल्या विषयाला हात घालताना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते आणि ती घेतलीच नव्हती. संसदेत बहुमत असूनही एक पायरी चुकली आणि सगळं पडलं. संघराज्य टिकतं ते अशाच पायऱ्यांमुळे.

उसाइतकंच, किंबहुना जास्तच, आपलं जगणं कृष्णेच्या पाण्यावर आहे. इथं वाटणी आणखी अवघड होते.

पाणी राज्यसूचीत आहे, १७व्या नोंदीत. पण संघसूचीतली ५६वी नोंद आंतरराज्य नद्यांचं नियमन संसदेला देते, संसद कायद्यानं जाहीर करेल तेवढ्यापुरतं. १९५६ मध्ये संसदेनं दोन कायदे केले. एक नदी मंडळांचा, दुसरा आंतरराज्य जलविवादांचा. दुसऱ्याखाली लवाद नेमले गेले. पहिल्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. आंध्र आणि तेलंगण वेगळे झाल्यावर कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ आलं, पण ते २०१४ च्या पुनर्रचना कायद्यातून, त्या दोन राज्यांपुरतं. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नदीच्या नावानं मंडळ आहे आणि त्यात महाराष्ट्र नाही.

याची किंमत पुरात कळते. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अशा दिवशी कोण काय करतं ते बघा. पावसाचा अंदाज हवामान खात्याचा, म्हणजे केंद्राचा. कराड, अर्जुनवाड, कुरुंदवाडला पातळी मोजतो केंद्रीय जल आयोग. कोयना, वारणा, धोमचे दरवाजे राज्याच्या जलसंपदा खात्याकडे. खालचं आलमट्टी धरण कर्नाटकाकडे. लोकांना हलवायचं काम जिल्हाधिकाऱ्यांचं, पण ते ज्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली होतं तो केंद्राचा. आपत्ती हा विषय मुळात कुठल्याच यादीत नाही. तो कायदा समवर्ती सूचीतल्या सामाजिक सुरक्षेच्या नोंदीवर उभा केलेला आहे. बोटी आणि जवान एनडीआरएफचे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद दलाचे. मदतीचा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतला, त्यात आपल्यासारख्या राज्यांसाठी केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. घर पडलं तर किती, पीक गेलं तर किती, हे निकष दिल्लीचे. त्यावर जास्त द्यायचं तर राज्यानं आपल्या तिजोरीतून द्यायचं.

या साखळीतला कच्चा दुवा आलमट्टी आणि कोयना यांच्या मधला आहे. दोन्ही धरणांतून कुठल्या तासाला किती सोडायचं याचा समन्वय अभियंते एकमेकांना फोन करून करतात, मंत्री बैठका घेतात, पत्रं जातात. माणसं चांगली असली की तो होतो. बंधनकारक असं काही नाही. २०१९ च्या पुरानंतर राज्यानं नेमलेल्या वडनेरे समितीनं दोष आलमट्टीत साठून मागं सरकणाऱ्या पाण्याच्या फुगवट्याला दिला नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्याकडे तिनं बोट दाखवलं. तो निष्कर्ष सांगलीत अनेकांना पटलेला नाही. पण तो मान्य केला काय, अमान्य केला काय, दोन राज्यांच्या धरणांवर एकत्र नजर ठेवणारी कायदेशीर यंत्रणा हवी, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नसावी. तिचा कायदा, म्हणजे १९५६ चा नदी मंडळांचा कायदा, गेली सात दशकं पुस्तकात पडून आहे. राज्यांना आपल्या दरवाजाची चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही आणि केंद्राला दोन राज्यांच्या भांडणात पडायचं नाही. मधल्या मध्ये बुडतात ती नदीकाठची गावं.

पाण्याच्या वाटपाचा लवाद तरी काय सांगतो? बच्छावत लवाद एप्रिल १९६९ मध्ये नेमला गेला, १९७३ मध्ये त्यानं निवाडा दिला, मे १९७६ मध्ये तो राजपत्रात आला. ७५ टक्के विश्वासार्हतेच्या २,०६० टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, आंध्रला ८००. चारपैकी तीन वर्षं जेवढं पाणी नक्की मिळेल तेवढंच मोजून वाटलं, असा या टक्क्याचा अर्थ. दुसरा लवाद ब्रिजेशकुमार यांचा, २००४ चा. डिसेंबर २०१० मध्ये त्याचा निवाडा आला आणि त्यानं आलमट्टीला ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत पाणी साठवायला परवानगी दिली. पण लवादाचा निवाडा राजपत्रात आल्याशिवाय लागू होत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये ते प्रसिद्धीकरणच थांबवलं. त्यामुळे आलमट्टीची उंची वाढणार अशी बातमी आली की ‘राजपत्रात आलं का’ हा पहिला प्रश्न विचारावा.

संविधानाचा अनुच्छेद २६२ म्हणतो की संसद अशा वादांत सर्वोच्च न्यायालयालाही बाजूला ठेवू शकते, आणि १९५६ च्या कायद्यानं तसं ठेवलंही आहे. हेतू हा की पाण्याचा वाद तज्ज्ञांपुढे लवकर सुटावा. प्रत्यक्षात निवाड्याविरुद्ध विशेष अनुमतीच्या याचिका होतात आणि दहा-दहा वर्षं जातात. लवादानं तीन वर्षांत, फार तर पाच वर्षांत काम संपवावं, असं २००२ च्या दुरुस्तीनं लिहिलं. कृष्णेच्या बाबतीत ते कसं पाळलं गेलं हे वरच्या तारखाच सांगतात.

राज्याच्या आतलं पाणीवाटप मात्र पूर्ण मुंबईचं आहे आणि तिथं दिल्लीकडे बोट दाखवायला जागा नाही. कोयनेत १०५.२५ टीएमसी मावतं. बच्छावत निवाड्यानं त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेकडे विजेसाठी वळवायला मुभा दिली. ते पोफळीच्या बाजूनं वाशिष्ठीत उतरून समुद्राला मिळतं. मुभा म्हणजे सक्ती नाही. टंचाईच्या वर्षी पश्चिमेला किती आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांसाठी नदीत किती सोडायचं, हे राज्य सरकार ठरवतं. उपसा योजनांच्या वीजबिलाचे ८१ टक्के राज्यानं आणि १९ टक्के लाभधारकांनी भरायचे, हेही राज्याचंच धोरण. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, लांबलं की आटपाडी-जतच्या शेतकऱ्यानं विचारायची जागा म्हणजे कालवा सल्लागार समिती. तिच्या बैठकीचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मिळतं. ते मागावं.

करांचं थोडक्यात सांगतो. जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. त्याचे निर्णय घेणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांच्या मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत. म्हणजे केंद्र नाही म्हणालं तर काही मंजूर होत नाही, आणि राज्यांची मोठी संख्या विरोधात गेली तर केंद्रालाही करता येत नाही. जकातीची नोंदच राज्यसूचीतून गेली. सांगली-मिरज-कुपवाडसारख्या महापालिकेचं त्यातून येणारं स्वतःचं उत्पन्न संपलं आणि ती राज्याच्या भरपाईवर आली. तासगावच्या बेदाण्याचं उदाहरण मात्र आशादायक आहे. द्राक्षं सुकवून बेदाणा केला की तो शेतमाल राहतो की प्रक्रिया केलेला माल होतो, यावर वाद होता. डिसेंबर २०२४ च्या परिषदेनं स्पष्ट केलं की शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. व्यापाऱ्याच्या विक्रीवर लागतो. राज्यानं विषय नीट मांडला की दिल्लीतही मार्ग निघतो.

केंद्राच्या करांतला ४१ टक्के वाटा सगळ्या राज्यांचा, असं १५व्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी ठरवलं. त्यातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला होते, १७.९३९ टक्के उत्तर प्रदेशला. गरीब राज्याला जास्त मिळावं हे मला मान्य आहे. अमान्य आहे ते उपकर आणि अधिभारांचं. हा पैसा वाटपाच्या गंगाजळीत येतच नाही. कर वाढवण्याऐवजी उपकर वाढवला की राज्यांचा वाटा आपोआप कमी होतो आणि वित्त आयोगाच्या टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

पण दिल्लीनं अधिकार आणि पैसा राज्याकडे सोडावा म्हणणाऱ्या मुंबईनं आपल्या खाली काय सोडलं? हा प्रश्न सातारा-सांगलीनं विचारायलाच हवा. नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं इंग्रजांच्या राज्यात गावोगावी न्यायदान मंडळं चालवली ती याच मातीत. देवराष्ट्राच्या यशवंतराव चव्हाणांच्या काळात १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला, तेव्हा शेती, आरोग्य, शाळा, बांधकाम खरोखर जिल्ह्यात आले. १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय लिहिले गेले. मात्र ते द्यायचे की नाही हे राज्याच्या कायद्यावर सोडलं, आणि यादी कागदावर राहिली.

मार्च २०२२ मध्ये आपल्या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं तिथं प्रशासक बसला. १५व्या वित्त आयोगाचा २०२१-२६ चा पैसा आपल्याकडे ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० असा वाटला जात होता, आणि निवडून आलेली सभा नसेल तर तो मिळत नव्हता. म्हणजे निवडणूक रखडली तर मतदान गेलंच, वर दिल्लीतून येणारा पैसाही अडला.

त्यात ग्रामपंचायतीच्या वाट्याचे ६० टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले होते, ४० टक्के मोकळे. मोकळ्या पैशातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. आराखडा ग्रामसभेत मंजूर होऊन संगणकावर चढला नाही तर खर्चच टाकता येत नाही, आणि नेमकी तीच ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते. आराखड्याच्या सभेला हजर राहणं हे गावानं वापरायच्या अधिकारातलं सगळ्यात स्वस्त काम आहे.

ग्रामसभेच्या हातात याहून मोठा अधिकारही आहे, फक्त फार थोड्या गावांना तो ठाऊक आहे. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी तालुक्यांत रस्ता, पाण्याची टाकी, अंगणवाडी जंगलजमिनीमुळे अडून राहते. १९८० चा वनसंवर्धन कायदा केंद्राचा, त्याचे प्रस्ताव तत्त्वतः मान्यता आणि अंतिम मान्यता अशा दोन टप्प्यांतून जातात आणि वर्षं खातात. पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नं वनवासी गावांसाठी वेगळी वाट ठेवली आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि फोनच्या तारा, तळी, जलवाहिन्या, लहान कालवे, रस्ते, समाजमंदिर अशा १३ सुविधांसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर विभागीय वनाधिकारीच परवानगी देऊ शकतो. फाईल दिल्लीला जायचं कारण नाही. ग्रामसभेच्या ठरावात कलमाचा उल्लेख, गटनंबर, क्षेत्र आणि झाडांची संख्या नेमकी लिहिलेली असावी. ठराव मोघम असला की प्रस्ताव परत येतो.